अल्गोलची वही

"खोडायचं नाही," बाबा म्हणाले. "चूक झाली तर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि शेजारी सही."

वही माझी, गच्चीवर यायचा बेत माझा, तारा तर इतक्या वर्षांत जवळजवळ माझाच झालेला. पण वर येऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच नियम बाबांचे लागू झाले होते. रोजकीर्द आणि खतावणीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात कोरी वही दिली की दुसरं काय होणार! लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात त्यांनी पट्टीनं पान आखलं. वेळ, प्रत, कशाशी ताडलं, शेरा. वरच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि पेन तसंच धरून विचारलं, "बारा वाजले की तारीख बदलायची का?"

प्रश्न मोक्याचा होता. आकाश बघणाऱ्यांची रात्र मध्येच मोडते, ही जुनी कटकट आहे. म्हणून आम्ही दोन्ही तारखा तिरकी रेघ मारून जोडून लिहितो. निरीक्षण पुढे पाठवायचं असेल तर ज्युलियन दिनांक घालायचा; तो मध्यरात्री बदलतच नाही, ग्रीनिचच्या दुपारी बाराला बदलतो. इसवी सनापूर्वी ४७१३ सालच्या १ जानेवारीपासून नुसते दिवस मोजत आणलेत, महिने नाहीत, वर्षं नाहीत. आकडा चोवीस लाखांच्या पुढे गेलाय. बाबांना हे फार पटलं. "म्हणजे पावणेसात हजार वर्षं शिल्लक पुढे ओढत आणली आहे," म्हणाले, आणि तारखेशेजारी तिरकी रेघ मारून दुसरी तारीख लिहिली.

ते खरं तर आकाश बघायला आलेच नव्हते. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, दुसऱ्याचं व्हायचं होतं. झोप लागत नव्हती. "मला एकाचे दोन दिसतात. तू सांग, मी लिहितो," एवढ्यावर खुर्ची आणि शाल घेऊन वर आले. मी आधी नको म्हणणार होते. मग लक्षात आलं, की मला हाच माणूस हवा होता.

रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं ते तारे, नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याचा सगळ्यात मोठा चोर त्याची स्वतःचीच वही असते. आधीच्या ओळीत प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, २.६ दिसली आणि तारा मंद होत जाणार हे ठाऊक असलं, की पुढचा आकडा २.७ सुचतोच. डोळा बघतो थोडं, वही बोलते फार. दुसरा चोर घड्याळ. म्हणून मी दोन्ही वस्तू बाबांच्या स्वाधीन केल्या. आधीचे आकडे मला दाखवायचे नाहीत, मी विचारले तरी सांगायचे नाहीत. साधारण पाव तासानं "बोल" म्हणायचं. मी आकडा सांगेन, तो लिहायचा.

"विचारलंस तरी नाही?"

"मुळीच नाही."

"ऑडिटरसारखं," बाबा म्हणाले. एकदम ताठ बसले.

आमचं गिऱ्हाईक होतं ययाति तारकासमूहातला अल्गोल. एरवी त्याची प्रत २.१, चांगला ठसठशीत तारा. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ पर्यंत उतरतो आणि परत चढतो. उतरायला पाच तास, चढायला पाच तास. डिसेंबर होता, चंद्राची कोर संध्याकाळीच मावळली होती, आणि माझ्या गणिताप्रमाणे तळ रात्री एक वाजून एकोणीस मिनिटांनी यायचा होता. आधीच्या खेपेला पहाटे साडेचारचा मुहूर्त होता, तेव्हा ढगांनी घात केला. या ताऱ्याची गंमत अशी, की तीन दिवसांनी तो तीन तास अकरा मिनिटं अलीकडे सरकतो. साडेचारचा गेला तर एक एकोणीसचा मिळतो, तोही गेला तर रात्री दहा आठचा. त्यानंतर मात्र पुढचा संध्याकाळच्या उजेडात जातो आणि पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

प्रतीचा हिशेब बाबांना मुळीच मंजूर नव्हता. मोठा आकडा म्हणजे मंद तारा? "हे म्हणजे जमा नावेच्या बाजूला." मी म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी सगळ्यात तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे ठरवले, त्यातून हे आलं. १८५६ साली नॉर्मन पॉगसन या खगोलशास्त्रज्ञांनी त्याला गणिती शिस्त लावली: पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. त्या मापानं अल्गोल तळाला जातो तेव्हा त्याचा जेमतेम तीस टक्के उजेड उरतो. "सत्तर टक्के तूट, आणि तीही दर तीन दिवसांनी," बाबा पुटपुटले. "कुणाच्या लक्षात कशी नाही आली?"

आली होती, पण हिशेब कुणी लावला नव्हता. अरबांनी याला राक्षसाचं डोकं म्हटलं, अल्गोल हे नाव तिथूनच आलं. पण तेवढ्यावरून त्यांना त्याची लबाडी ठाऊक होती असं म्हणणं मला घाईचं वाटतं. सतराव्या शतकात इटलीत मोंतानारी यांना तो बदलतो हे दिसलं. वेळापत्रक मात्र लावलं इंग्लंडातल्या यॉर्कमधल्या जॉन गुडरिक या पोरानं. पोरच म्हणायला हवं. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री अल्गोल मंद झालेला त्यानं पाहिला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि लहानपणापासून बहिरा. शेजारी राहणारा एडवर्ड पिगट त्याचा जोडीदार. काही महिने खिडकीतून बघत बघत गुडरिकनं जो काळ काढला तो आजच्या आकड्याच्या अगदी जवळचा आहे. कारणही सुचवलं: एखादा काळा गोळा त्याच्याभोवती फिरत असावा आणि मध्ये येत असावा. किंवा ताऱ्यावर डाग असतील. १७८३ साली रॉयल सोसायटीनं त्याला कॉपली पदक दिलं, १७८६ मध्ये तो वारला. एकवीस वर्षांचा होता. त्याचं पहिलं म्हणणं खरं, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोगल यांनी वर्णपटावरून दाखवलं ते १८८९ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी.

तो जिथे राहायचा त्या वास्तूचं नाव आजही 'ट्रेझरर्स हाउस' आहे हे मी सांगितलं, तेव्हा बाबांनी टॉर्च बंद केला आणि अंधारात म्हणाले, "बघ. खजिनदाराचं घर."

"बोल."

साडेआठला पहिली नोंद. पद्धत सांगायला सोपी आहे. अल्गोलहून थोडा तेजस्वी एक तारा घ्यायचा, थोडा मंद एक घ्यायचा, आणि या दोघांच्या मध्ये आपला तारा कुठे बसतो ते ठरवायचं. देवयानी तारकासमूहातला अलमाक २.१, ययातीतलाच एप्सिलॉन २.९. नकाशात हे २१ आणि २९ असं छापतात, कारण दशांशचिन्हाचा ठिपका कुणाला तारा वाटेल! अल्गोल अलमाकएवढाच होता. "दोन पूर्णांक एक," मी म्हटलं, आणि पेनचा आवाज ऐकला.

करायला मात्र ही गोष्ट वाटते तेवढी सरळ नाही. दोन तारे एका वेळी नजरेत मावत नाहीत. इकडून तिकडे नजर न्यायची, तेवढ्या वेळात पहिल्याचं तेज लक्षात ठेवायचं. एकटक बघायचं नाही. थेट बघण्यापेक्षा किंचित बाजूला बघितलं तर मंद तारा अधिक स्पष्ट दिसतो, पण मग दोघांनाही तसंच बघायचं, नाही तर एकावर अन्याय. एक तारा वर आणि दुसरा क्षितिजाजवळ असला तर खालच्याचा उजेड हवेनं खाल्लेला असतो. हे सगळं सांभाळून एक आकडा म्हणायचा, आणि त्यात दशांशाची चूक तर अध्याहृतच. या कामाची शिस्त जर्मनीच्या आर्गेलँडर यांनी घालून दिली. १८४४ मध्ये त्यांनी हौशी लोकांना जाहीर आवाहन केलं होतं, की हे करायला वेधशाळा लागत नाही. ते अजून खरं आहे. मोठ्या दुर्बिणींना इतके तेजस्वी तारे सोसतच नाहीत.

दोन नोंदींच्या मधल्या वेळात मी बायनॉक्युलर घेऊन तिमिंगल तारकासमूहात मायरा शोधला. फाब्रिसियस यांनी १५९६ साली पाहिलेला, सुमारे ३३२ दिवसांत दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपासून पार नवव्या-दहाव्या प्रतीपर्यंत जाऊन येणारा तारा. आठव्या प्रतीपर्यंतचे शेजारी दिसत होते, त्याची जागा रिकामी. "लिहा: आठपेक्षा मंद."

"दिसला नाही ना? मग लिहायचं काय?"

"दिसला नाही हेच. कुठपर्यंत दिसत होतं आणि त्यात तो नव्हता, एवढं."

यावर बाबा जरा गप्प झाले. मग त्यांनी ते लिहिलं आणि मला ऐकू येईल असं म्हणाले, "निरंक." सरकारी कागदात रकाना कोरा ठेवत नाहीत, निरंक लिहितात. आमच्या छंदाला इतका नेमका शब्द मला तोवर मिळाला नव्हता.

दहाच्या पुढे अल्गोल घसरायला लागला. घसरताना दिसत नाही. कुठल्याही एका क्षणी तारा आहे तसाच असतो. पण मान खाली घालून पुन्हा वर बघावं तर ययातीचं रूप काही तरी बिघडल्यासारखं वाटतं, ओळखीच्या माणसानं मिशी काढल्यावर वाटतं तसं. काय बदललंय ते चटकन सांगता येत नाही. अलमाक आता साफ पुढे गेला होता. अल्गोल आणि एप्सिलॉन यांच्यातलं अंतर आक्रसत होतं.

तेवढ्यात शेजारच्या जिन्यातला दिवा कुणी तरी लावला. पांढरा, थेट आमच्या तोंडावर. डोळे मिटून घेतले, पण उशिराच. अंधाराला सरावलेला डोळा बिघडायला एक सेकंद पुरतो आणि परत सरावायला वीस मिनिटं तरी लागतात. दिवा विझला, मी पदर डोळ्यांवर ओढून बसले. बाबांनी शेऱ्यात लिहिलं: "दिवा. काम बंद." त्यांची ती वीस मिनिटांची चुळबुळ मला ऐकू येत होती, पण "बोल" काही त्यांनी म्हटलं नाही.

माझी चूक झाली ती यानंतर. डोळा सरावला, "बोल" आलं, आणि अल्गोल इतका उतरला होता की एप्सिलॉनच्याही खाली गेला होता. अगदी शेजारी, हाताशी असलेला एक तारा दिसला, साधारण तेवढाच. मी बोलून गेले: "रो एवढा. तीन पूर्णांक चार." पेन कुरकुरलं. मग जीभ चावली. ययातीतला रो हा स्वतःच रूपविकारी आहे! ३.३ ते ४.० यांमध्ये त्याची आपली मनमानी चालू असते. शिवाय तांबडा. तांबड्या ताऱ्याकडे जितकं जास्त बघावं तितका तो उजळ वाटत जातो, हा डोळ्याचा दोष आहे आणि तो सगळ्यांना आहे. नवशिक्यांना पहिल्या दिवशी बजावतात ती ही गोष्ट: अल्गोल रो शी ताडायचा नाही. अनेक वर्षांपूर्वी मी एक अख्खा हिवाळा हाच घोळ घातला होता आणि माझा आलेख भूकंपमापकासारखा का येतोय म्हणून चरफडत होते. आणि आता पुन्हा.

"बाबा, ते काढा. ज्या मापानं मोजलं ते मापच हलतंय."

एक आडवी रेघ ओढल्याचा आवाज आला. मग लाल टॉर्च आणि वही माझ्यापुढे. आकडे हातानं झाकलेले, फक्त रेघेची जागा उघडी. "सही कर."

मी सही केली. मग नीट बघितलं: त्रिकोण तारकासमूहातला अल्फा ३.४, एप्सिलॉन २.९, अल्गोल त्यांच्या मधोमध, किंचित एप्सिलॉनकडे. ३.१.

तळाच्या आसपास तासभर काही घडत नाही असं वाटतं, आणि घडत असतं सगळं तिथेच. एक निळसर पांढरा तेजस्वी तारा, त्याच्यापुढून सरकणारा एक फुगलेला, मंद, नारिंगी तारा. दोघांत अंतर इतकं कमी, की सूर्य आणि बुध यांच्यामधल्या अंतराच्या सहाव्या हिश्शात बसेल. पुढचा मागच्याला पूर्ण झाकत नाही, वरचा एक तुकडा उघडा राहतो. तो तुकडा आणि मंद ताऱ्याचा थोडासा उजेड मिळून ३.४. हे ग्रहण त्या रात्रीचंही नव्हतं. अल्गोल नव्वदेक प्रकाशवर्षं दूर आहे. बाबांच्या जन्माच्या आधीचं ग्रहण आत्ता वसूल होत होतं. "थकबाकी," ते म्हणाले.

या जोडीत एक कोडं होतं, आणि ते मी बाबांना सांगितलं, कारण त्या वेळी सांगण्यासारखं दुसरं काही सुचत नव्हतं. दोघे जन्मले एकदम. जड तारा आपलं इंधन लवकर उधळतो आणि आधी म्हातारा होतो, हा नियम. इथे उलटं दिसतं. तेजस्वी तारा सूर्याच्या तिपटीहून थोडा जास्त जड, तरीही तरुण; आणि फुगून म्हातारा झालेला जोडीदार वजनानं सूर्यापेक्षाही हलका. उत्तर असं निघालं, की म्हातारा आधी जड होता. फुगला तसं त्याचं द्रव्य शेजाऱ्यावर सांडलं. त्यानं दिलं, यानं घेतलं, आणि घेणारा तरुण दिसायला लागला.

"आणि हे ययातीत?" बाबांनी विचारलं.

माझ्या खरंच आजवर डोक्यात आलं नव्हतं. ग्रीकांच्या पर्सियसला आपल्याकडे ययाति हे नाव मिळालं ते शेजारी देवयानी, शर्मिष्ठा, वृषपर्वा बसवताना. अल्गोलच्या पोटातलं हे देणंघेणं नाव ठेवणाऱ्यांना माहीत असायचं कारण नाही. पण मुलाकडून तारुण्य मागून घेणाऱ्या राजाच्या अंगावर नेमका हा तारा यावा!

"मी आपले नुसते डोळे मागितलेत तुझे," बाबा म्हणाले. "तेही रात्रीपुरते. बोल."

"तीन पूर्णांक चार."

तळ येऊन गेला असावा. मला खात्री नव्हती आणि विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. अंग गारठलं होतं, पाय बधिर झाले होते. आणखी एक पांघरूण आणते म्हणून मी खाली गेले. अंधारात चाचपडत, दिवा न लावता गेले-आले, त्यात वेळ मोडला. वर आले तेव्हा बाबा खुर्चीतून उठून कठड्याशी उभे होते, मान वर. मला बघून परत बसले. काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मग पुढचं काम रुळावर आलं. ३.१, २.९, पुढे अलमाकच्या दिशेनं हळूहळू. चारच्या सुमारास ययाति उताराला लागला, मी "दोन पूर्णांक तीन" म्हटलं आणि पलीकडून उत्तरादाखल घोरणं ऐकू आलं. ती शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे. वही त्यांच्या मांडीवरून उचलताना डोळे मिटून पान चाचपलं. रात्रभर पाळलेलं शेवटच्या ओळीपायी कशाला मोडा.

सकाळी आलेख काढायला बसले. ही आमच्यासारख्यांची निकालाची वेळ. अशा नोंदी गोळा करणारी अमेरिकेतली संघटना १९११ पासून चालू आहे आणि तिच्याकडे आता कोट्यवधी नोंदी आहेत. त्यात माझ्यासारख्यांचे वेडेवाकडे आकडेही आहेत. बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी गेल्या शतकात तिथे हजारो नोंदी पाठवल्या होत्या. त्या संघटनेनं त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली, ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. पुन्हा खजिना. हे बाबांना सांगायचं मी राखून ठेवलं.

ठिपके मांडले. खाली जाणारी बाजू चांगली, वर येणारी त्याहून चांगली, तळ माझ्या हिशेबानं एक अठ्ठावीसला. भाकितापेक्षा नऊ मिनिटं उशिरा. नुसत्या डोळ्याला हे शोभतं. तारा वेळेवर होता, उशीर माझा. पण एक ठिपका कशातच बसेना. एक चाळीस, २.६. त्याच्या अलीकडे ३.४, पलीकडे ३.१, आणि मध्येच हा. असा आकडा मी सांगितल्याचं आठवत नव्हतं. वही जवळ घेतली. 'कशाशी ताडलं' मध्ये एप्सिलॉन आणि अलमाक. शेऱ्यात बारीक अक्षरात: "नवा डोळा. जुना झाकून."

बाबा पेपर वाचत होते.

"हे तुम्ही बघितलंत?"

"तू ओरडत होतीस तसंच केलं. दोघांच्या मध्ये बसवला."

"पण बाबा, तेव्हा तो तळाला होता. दोन पूर्णांक सहा असूच शकत नाही. तुम्ही बहुतेक दुसराच कुठला तरी तारा..."

"असेल."

"मग रेघ मारू?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तू रेघ मारलीस ती माप चुकीचं घेतलंस म्हणून. मी माप बरोबर घेतलं. मला तेवढा दिसला." मग जरा थांबून, "सही हवी तर करतो."

मी माझे ठिपके पाठवले, एक निरीक्षक म्हणजे एक नाव, दुसऱ्याचं त्यात घालता येत नाही. घरच्या आलेखात मात्र त्यांचा ठिपका हिरव्या पेन्सिलीनं तिथेच ठेवला. रेषा त्याच्या बऱ्याच खालून गेली आहे.

तीन दिवसांनी रात्री दहा आठचं ग्रहण होतं. संध्याकाळी वही घ्यायला गेले तर पान आखून तयार होतं, तारखांच्या मधली तिरकी रेघसुद्धा. वेळ, प्रत, कशाशी ताडलं, शेरा. आणि या खेपेला शेऱ्याच्या आधी एक अरुंद रकाना जास्तीचा: "कोणी पाहिलं".